जमालगोटा, मशेरी आणि एक टकला उंदीर

मॉलमधल्या कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर हल्ली क्रीमपेक्षा बाटलीवरचा ससा जास्त खपतो. उडी मारणारा, गोंडस, पिटुकला ससा. म्हणजे काय, तर हे क्रीम बनवताना कुठल्याही मुक्या जनावराला त्रास दिलेला नाही. आमच्या ऑफिसातल्या गँगचा तर आता फंडाच ठरलाय. आधी ससा बघायचा, मग एसपीएफ बघायचा, मग किंमत बघायची आणि किंमत बघून बाटली गुपचूप परत ठेवायची.

ससा बघून खरेदी करण्यात चूक काहीच नाही. लिपस्टिकची नवी शेड बाजारात यावी म्हणून कुणाच्या डोळ्यात काही घालायची गरज नाही, हे मला मनापासून पटतं. युरोपियन युनियनने २०१३ मध्ये आणि आपल्याकडे २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या बंद झाल्या. परदेशात अशी चाचणी करून आलेला मालही आपल्याकडे आणायचा नाही, असा नियम झाला. झकास. पण त्याच बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत यूव्ही-ए, यूव्ही-बी, ब्रॉड स्पेक्ट्रम वगैरे जे लिहिलेलं असतं, ते ज्ञान आलं कुठून? उन्हाने कॅन्सर होतो, त्यातल्या नेमक्या कुठल्या किरणांनी होतो, हे कोणी आणि कसं ठरवलं? एसपीएफचा आकडा माणसांवर मोजता येतो. स्वयंसेवकाच्या पाठीवर क्रीम लावायचं, दिवा मारायचा आणि कातडी लाल व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. पण कातडी लाल होणं वेगळं आणि कॅन्सर होणं वेगळं. ‘या जरा, तुम्हाला कॅन्सर करून बघतो’ असं कुठल्या स्वयंसेवकाला म्हणणार?

तर तिथे एक उंदीर येतो. आणि तो टकला असतो.

१९२० च्या दशकात लंडनमध्ये एका पक्षीघरात अंगावर केस नसलेले उंदीर सापडले. कुणी बनवले नव्हते, निसर्गाचीच गंमत. ही पिल्लं जन्मतात केसांचीच तयारी घेऊन, पहिला कोट उगवतोही, पण दोनेक आठवड्यांनंतर तो झडायला लागतो आणि धड दुसरा काही उगवत नाही. मोठेपणी दिसतात कशी? सुरकुतलेली, गुलाबी, मोठ्या कानांची, एखाद्या रिटायर्ड काकांसारखी. त्वचेच्या संशोधकांना मात्र ही लॉटरीच होती. केस भादरायला नकोत, दिवा थेट कातडीवर पडतो, गाठ उठली की पिंजऱ्याबाहेरूनच मोजता येते. आज प्रयोगशाळांत एसकेएच-१ नावाचा जो टकला उंदीर सर्रास असतो, तो याच प्रकारातला. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या संशोधकांनी अशाच उंदरांवर वेगवेगळ्या दिव्यांखाली किती गाठी येतात ते मोजून कॅन्सरला कुठली तरंगलांबी सगळ्यात जास्त कारणीभूत होते त्याचा आलेखच काढला. शिखर आलं २९३ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे यूव्ही-बीमध्ये. तुमच्या पर्समधलं ते पन्नास मिलिलिटरचं प्रकरण ज्या माहितीच्या जोरावर उभं आहे, तिच्यात या टकल्यांचा वाटा फार मोठा आहे.

त्याहून भन्नाट गोष्ट मार्गारेट क्रिपके या बाईंनी १९७० च्या दशकात दाखवली. उंदरात यूव्हीने उठलेली गाठ काढून तिने त्याच जातीच्या दुसऱ्या धडधाकट उंदरात बसवली, तर दुसऱ्याच्या शरीराने ती ओळखली आणि उडवून लावली. पण त्या दुसऱ्या उंदराला आधी काही काळ यूव्ही दिव्याखाली ठेवलेलं असेल, तर तीच गाठ निमूटपणे वाढली. म्हणजे ऊन दोन कामं करतं. पेशीच्या डीएनएत बिघाड करतं, आणि वर त्या बिघाडावर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्यालाही गुंगी देतं. चोराला किल्ली आणि वॉचमनला झोपेची गोळी! किडनी बदललेल्या पेशंटना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात आणि त्यांच्यात, विशेषतः गोऱ्या लोकांत, त्वचेचा कॅन्सर कित्येक पटींनी जास्त दिसतो. ते कोडंही याच दिशेने सुटतं.

(टकला उंदीर आणि ‘न्यूड’ उंदीर यांची गल्लत करू नका. न्यूड उंदीर १९६२ मध्ये ग्लासगोत सापडला. त्यालाही केस नाहीत, पण त्याला थायमस ग्रंथीच नसते, त्यामुळे त्याचं शरीर परक्या पेशीला हाकलून लावू शकत नाही. १९६९ मध्ये डेन्मार्कमध्ये त्याच्या अंगात माणसाची गाठ वाढवून दाखवली गेली आणि कॅन्सरच्या औषधांच्या चाचणीचं सगळं गणितच बदललं.)

माझी एक कॉलेजमैत्रीण अमेरिकेत याच क्षेत्रात पोस्टडॉक करते. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. आम्ही दोघी बीएस्सीला शेजारी बसायचो, पुढे मी जाहिरातीत आले आणि ती उंदरांत गेली. आमच्यातलं कोण जास्त उंदरांत आहे हा वादाचा मुद्दा आहे. तिच्याशी रविवारी रात्री कॉल होतो तेव्हा तिचं पहिलं वाक्य असतं, ‘अगं थांब, आज मोजणी होती.’ मोजणी म्हणजे गाठींची. आठवड्यातून एकदा एकेक उंदीर हातात घेऊन त्याच्या पाठीवरच्या चामखिळीसारख्या गाठी मोजायच्या, वीस-वीस आठवडे. ‘बोअर होत नाही?’ मी विचारलं. ‘प्रचंड होतं,’ म्हणाली, ‘पण चुकली मोजणी तर तो उंदीर फुकट गेला ना.’

तिच्या या प्रयोगाची वंशावळ बघितली तर थेट डांबरापर्यंत जाते. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने लिहून ठेवलं होतं की धुराड्यात उतरून काजळी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतो. काजळीचा संशय आला, पण पुरावा? तो यायला १४० वर्षं लागली. टोकियोत यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानाला डांबर चोळायला सुरुवात केली. दर दोन-तीन दिवसांनी, महिनोन्‌महिने, न कंटाळता. १९१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की कॅन्सर झाला. माणसाने जाणूनबुजून, रसायन लावून घडवलेला पहिला कॅन्सर. नोबेल मात्र मिळालं डेन्मार्कच्या फिबिगरला, १९२६ सालचं, ‘एका जंतामुळे उंदरांच्या पोटात कॅन्सर होतो’ या शोधासाठी. तो शोध पुढे चुकीचा निघाला. नोबेलवाल्यांचेही असे फ्लॉप पिक्चर असतात.

डांबराचं काम पुढे उंदरांच्या पाठीवर सरकलं. लंडनमध्ये टनावारी डांबर गाळून त्यातला नेमका गुन्हेगार, बेंझोपायरीन, १९३३ मध्ये वेगळा काढला गेला. हाच तो, सिगारेटच्या धुरात आणि जळक्या तंदुरीवरही सापडणारा. आणि मग १९४० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये आयझॅक बेरेनब्लम आणि फिलिप शुबिक यांनी जो प्रयोग केला तो ऐकून मी खुर्चीत सावरून बसले, कारण त्यात चक्क जमालगोटा आहे.

हो, आपलाच तो जमालगोटा. वैद्यांच्या भाषेत जयपाळ. हिंदी पिक्चरमध्ये व्हिलनच्या जेवणात कालवतात आणि तो पळत सुटतो, तो. या बियांचं तेल म्हणजे क्रोटन ऑइल. कातडीला लावलं की आग होते, सूज येते. तर या दोघांनी काय केलं? उंदराच्या पाठीवर कॅन्सर करणारं रसायन फक्त एकदा लावलं, तेही इतकं थोडं की त्याने एकट्याने काही होऊ नये. झालंही नाही. दुसऱ्या काही उंदरांना नुसतंच जमालगोट्याचं तेल लावत राहिले. तिथेही फारसं काही नाही. पण आधी एकदा रसायन आणि मग आठवडेच्या आठवडे तेल, असं केल्यावर पाठ गाठींनी भरून गेली. क्रम उलटा केला, आधी तेल आणि मग रसायन, तर गाठी नाहीत. आणि सगळ्यात हादरवणारी गोष्ट म्हणजे रसायन लावल्यावर मध्ये कित्येक महिने काहीच न करता सोडून दिलं आणि मग तेल सुरू केलं, तरीही गाठी आल्याच!

यातलं पहिलं पाऊल पुसता येत नाही. ती पेशी बिघडते आणि तशीच गप्प बसून राहते. दुसरं पाऊल मात्र सतत टाकावं लागतं. पुन्हापुन्हा आग, सूज, जखम, आणि ती भरून काढायला पेशींची लगबग. त्या गर्दीत बिघडलेल्या पेशीचा नंबर लागतो. तेल मधेच थांबवलं तर बऱ्याच छोट्या गाठी विरून जातात. सगळ्या नाही. थोड्या राहतात, आणि त्यातली एखादी आत मुळं धरते. तेव्हा तिला कार्सिनोमा म्हणायचं.

आजही तिच्या लॅबमध्ये हाच प्रयोग चालतो, फक्त जमालगोट्याच्या जागी त्यातूनच काढलेलं टीपीए नावाचं शुद्ध रसायन वापरतात, आणि आधी लावायचं ते डीएमबीए. त्यात बारीकसारीक अटी इतक्या की एखाद्या सोवळ्यातल्या स्वयंपाकाला असाव्यात. उंदीर सात-आठ आठवड्यांचाच हवा, कारण त्या वयात पाठीवरच्या सगळ्या केसांची मुळं एकदम झोपेत असतात. काळ्या उंदराचे केस भादरले की हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं म्हणे. कातडी गुलाबी असेल तर मुळं झोपलेली, करडी-काळी पडायला लागली की नवीन केस निघालेत, आता थांबा. शक्यतो माद्या घ्यायच्या, कारण नर एका पिंजऱ्यात ठेवले की भांडतात आणि एकमेकांच्या पाठी ओरबाडतात, मग गाठ रसायनाने आली की भावकीच्या भांडणाने, कसं कळणार? जातही बघावी लागते. एफव्हीबी नावाच्या पांढऱ्या उंदरांना भराभर गाठी येतात. सगळ्या जगाच्या लॅबमध्ये लाडका असलेला काळा सी-५७ मात्र या बाबतीत एकदम हट्टी. मैत्रिणीने पहिलं वर्ष या काळ्यांवर घालवलं. त्या वर्षाबद्दल ती बोलत नाही.

आता एक शंका तुमच्याही मनात आली असेल. उंदराच्या कातडीचा वरचा थर आठवडा-दीड आठवड्यात बदलतो, आपला साधारण महिन्याभरात. मग एकदाच लावलेल्या रसायनाने बिघडलेली पेशी महिनोन्‌महिने राहते कुठे? ती तर पापुद्र्याबरोबर गळून जायला हवी. उत्तर असं की सगळ्या पेशी गळणाऱ्या नसतात, काही घरच्या मालकासारख्या ठाण मांडून असतात. १९९० मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉट्सरेलिस आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या केसाच्या मुळाशी, बाजूला आलेल्या एका छोट्या फुगवट्यात, अशा संथ, जुन्या मूळ पेशी दाखवल्या. हे आधी कुणाच्या डोक्यात नव्हतं. सगळे केसाच्या अगदी तळाशी शोधत होते. आणि त्या बिघाडाचा पत्ताही सापडला. ग्लासगोत अ‍ॅलन बालमेन यांच्या गटाने १९८० च्या दशकात दाखवलं की या गाठींत एचरास नावाच्या जनुकात बिघाड असतो, आणि डीएमबीएने आलेल्या बहुतेक गाठींत तर तो एकाच ठरलेल्या अक्षरात. चोराने प्रत्येक घरी तोच खिळा उपटावा, तसं.

इथपर्यंत सगळी गोष्ट मारण्याचीच झाली. पण मला या उंदरांबद्दल जे खरं आवडतं ते उलट दिशेचं आहे.

अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन नावाचे शास्त्रज्ञ होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदराच्या भ्रूणापासून त्यांनी आणि जॉर्ज टोडारो यांनी ३टी३ नावाच्या पेशी तयार केल्या. पुढे उंदराच्याच एका गाठीतल्या पेशी वाढवताना त्यांना बशीत मध्येच विचित्र पुंजके दिसले. ते कातडीच्या पेशींचे निघाले, आणि त्या पेशी ३टी३च्या सोबतीने मजेत वाढत होत्या. मग माणसाच्या का नाही वाढणार? १९७५ मध्ये ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवून दाखवल्या. खाली उंदराच्या पेशींची चादर, विभाजन बंद केलेली, फक्त वरच्यांना पोसणारी. १९८३ मध्ये वायोमिंगमधले पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ ९५ टक्क्यांहून जास्त भाजले. अंगावर कलम लावायला स्वतःची कातडीच उरली नव्हती. बॉस्टनमध्ये त्यांच्या शिल्लक असलेल्या टिकल्याएवढ्या चांगल्या त्वचेतून पेशी घेऊन चादरी वाढवल्या आणि त्या अंगावर लावल्या. दोघं जगले.

पुढचा अध्याय २०१५ मधला. जर्मनीत बोखुमच्या हॉस्पिटलात सात वर्षांचा एक सीरियन मुलगा होता. जन्मतः असा आजार की कातडीचे थर एकमेकांना चिकटूनच राहत नाहीत, हात लावला की फोड येतो, साल निघते. इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या पेशी घेतल्या, बिघडलेलं जनुक दुरुस्त केलं, ३टी३च्या चादरीवर वाढवल्या आणि जवळजवळ ८० टक्के अंगावर नवी कातडी बसवली. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा तो मुलगा शाळेत जात होता. अशा आजारांची मुळं जनुकांत कुठे आहेत, त्यातलाही एक मोठा धागा उंदरानेच दिला होता. ग्रीन यांच्याच हाताखाली शिकलेल्या इलेन फुक्स यांनी केराटिन-१४ या प्रथिनाचं मोडकं जनुक उंदरात घातलं. पिल्लांच्या अंगावर फोड आले, आणि हे तर माणसातल्या अमुक आजारासारखं दिसतंय, हे मागाहून ओळखलं. मग त्या आजाराच्या पेशंटमध्ये तोच बिघाड शोधला, सापडला. वर्ष १९९१. आधी उंदीर, मग पेशंट, असा हा उलटा प्रवास.

‘पण मग माणसांच्या पेशींवरच करा ना सगळं, बशीत,’ असं आमच्या गँगमधला एक जण तावातावाने म्हणाला. बरंचसं होतंही. २०२३ मध्ये आपल्याकडे औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी अशा पद्धती वापरायला वाट मोकळी झाली. चांगली गोष्ट आहे. पण बशीत वॉचमन नसतो, रक्तवाहिन्या नसतात, महिनोन्‌महिने दबा धरून बसण्याची जागा नसते. क्रिपकेबाईंचा प्रयोग बशीत होऊच शकला नसता.

आणि ‘मग थेट माणसांवर’ या पर्यायाचाही एक इतिहास आहे. फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात अल्बर्ट क्लिगमन या नामांकित त्वचारोगतज्ज्ञाने कैद्यांच्या पाठींवर नाना रसायनं लावून बघितली. त्यात सौंदर्यप्रसाधनं होती आणि डायॉक्सिनसारखं जहरही होतं. कैदी बहुतांशी कृष्णवर्णीय, थोड्या डॉलर्ससाठी तयार झालेले. हाच माणूस मुरुमांवरच्या रेटिन-एचा जनक. आज रील्समध्ये दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं रेटिनॉल हे त्याच घराण्यातलं. त्याबद्दल त्याच्या विद्यापीठाने माफी मागितली २०२१ मध्ये, शहराने २०२२ मध्ये. बाटलीवर त्या कैद्यांचं चित्र कुणी छापत नाही.

म्हणून उंदराला सगळं चालतं असं नाही, आणि उंदीर म्हणजे छोटा माणूस असंही नाही. त्याची कातडी दोन-तीन पेशींची पातळ, आपली कितीतरी जाड. घामाच्या ग्रंथी त्याला फक्त पंजांत. जखम झाली की त्याची कातडी आकसून बंद होते, आपल्याला ती नव्याने भरावी लागते. म्हातारा उंदीर मरतो तो बहुधा रक्ताच्या नाहीतर मांसपेशींच्या कॅन्सरने. आपल्याला गाठतात ते मुख्यतः अस्तराचे कॅन्सर, म्हणजे त्वचा, तोंड, फुफ्फुस, स्तन, आतडं. हा फरक का? २००० साली अमेरिकेतल्या रोनाल्ड डीपिन्हो यांच्या गटाने गुणसूत्रांची टोकं, टेलोमिअर, झिजलेले उंदीर तयार केले, आणि वय वाढल्यावर त्यांना माणसांसारखे अस्तराचे कॅन्सर व्हायला लागले. म्हणजे उंदराला माणसाच्या जवळ आणायचं तर आधी त्याला आपलं म्हातारपण द्यावं लागतं.

मैत्रीण म्हणते, खरा धक्का तिला २०१५ मध्ये बसला. पापण्यांची ढिली कातडी काढायची सर्जरी असते ना, तशी केलेल्या चार जणांची ती टाकाऊ कातडी केंब्रिजजवळच्या संशोधकांनी बारकाईने तपासली. डोळ्यांना पूर्ण निरोगी. आणि पाव हिश्शाहून जास्त पेशींत कॅन्सरला चालना देणारे बिघाड! म्हणजे पहिलं पाऊल आपल्यातल्या बहुतेकांनी टाकलेलंच आहे. मग सगळ्यांना कॅन्सर का होत नाही? येल विद्यापीठात व्हॅलेंटिना ग्रेको यांच्या लॅबने जिवंत उंदराच्या त्वचेत रोज त्याच जागी मायक्रोस्कोप लावून बघितलं. २०१७ चं काम आहे हे. बिघडलेल्या पेशींनी वेडीवाकडी वाढ सुरू केली, आणि शेजारच्या चांगल्या पेशींनी ती हळूहळू दाबून, ढकलून बाहेर काढली. चाळीतले शेजारी करतात तसं.

आता मुंबईकडे येते, कारण मला या विषयाचं वेड लागलं ते इथल्या एका गोष्टीमुळे.

परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कमल रणदिवे काम करायच्या. पुण्याच्या, जन्म १९१७ चा, पद्मभूषण १९८२ चं. देशातली पहिली टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारणाऱ्यांत त्या होत्या. त्यांच्या काळात तिथे उंदरांची एक खास जात जोपासली गेली, संस्थेच्या नावानेच ओळखली जाणारी, आयसीआरसी. २०२१ मध्ये गुगलने त्यांच्या वाढदिवसाला डूडल केलं तेव्हा आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना त्या पहिल्यांदा कळल्या. ही संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली, आणि २००२ पासून ती खारघरला अ‍ॅक्ट्रेक म्हणून आहे. याच संस्थेत १९८० च्या दशकात एक अस्सल मराठी पदार्थ उंदरांवर तपासला गेला. मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. १९८८ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि तो मशेरीच्या बाजूचा नव्हता.

कातडी आणि तोंडाचं अस्तर ही सख्खी भावंडं. तळच्या थरात दोन्हीकडे तेच केराटिन-१४. गोऱ्या देशांत ऊन कातडीला जे करतं ते आपल्याकडे तंबाखू तोंडाला करते. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर अगदी वरच्या नंबरांत आहे, आणि मशेरीमुळे गावाकडच्या बायकाही सुटलेल्या नाहीत.

माझी एक मावशी साताऱ्याजवळ राहते. चाळीस वर्षं मशेरी. दुपारची भांडी झाली की उंबऱ्यात बसून डबी उघडायची, तिचा तेवढाच ‘मी टाइम’. ती मशेरी भाजायला घ्यायची तेव्हा आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. गेल्या वर्षी तिच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला. तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, ‘कॅन्सर नाही. अजून नाही.’ घरी सगळ्यांनी ‘नाही’ ऐकलं. मी ‘अजून’ ऐकलं, आणि त्या रात्री मैत्रिणीला अवेळी फोन लावला.

तिने मला बेरेनब्लम सांगितला तो तेव्हा. आणि वर म्हणाली, ‘उंदरावर विश्वास नसेल तर तुमच्या मुंबईचंच माणसांवरचं काम बघ.’ टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधल्या फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केरळ, गुजरात आणि आंध्रातल्या खेड्यांत ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना वर्षानुवर्षं घरी जाऊन तपासलं आणि तंबाखू सोडायला समजावलं. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. समजावल्यावर जास्त लोकांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली, आणि असे पांढरे चट्टे नव्याने येण्याचं प्रमाण घटलं.

मी मावशीला जाऊन हे सगळं सांगितलं. जमालगोट्यासकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं. जमालगोट्याला हसली. मग म्हणाली, ‘एवढ्याशा उंदराच्या तोंडात मशेरी घासत होतं कोण?’

‘घासली नाही गं. अर्क काढून पाठीला लावतात.’

‘आणि मग?’

‘मग गाठी मोजतात.’

‘आणि शेवटी?’

शेवटी मारतात, हे मी तिला सांगितलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. गाठ ठरलेल्या मापापलीकडे गेली की आधीच, नाहीतर प्रयोग संपल्यावर. किती उंदीर आणि का, हे आधी समितीपुढे मांडावं लागतं, वेदना होऊ नयेत असं बघतात, तेही सांगितलं. मावशी वारकरी आहे, गळ्यात माळ आहे. बराच वेळ काही बोलली नाही.

‘किती लागले असतील?’

‘माहीत नाही. बरेच.’

तिने डबी उचलली, झाकण नीट बसलंय का बघितलं आणि फडताळात वर ठेवली. टाकून दिली नाही. ‘आठवड्याला दोनदाच लावीन आता,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘मावशी, तेलसुद्धा आठवड्यातून दोनदाच लावतात.’

मार्चपासून तिने एकदाही लावलेली नाही, असं तिची सून सांगते. दुपारी बडीशेप चघळते आणि चिडचिड करते. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. मी रजा टाकलीय.